दोन्ही बाहुल्या समान

आमच्या कारखान्यात घार म्हटलं की कुणी आकाशाकडे बघत नाही, छताकडे बघतात. जमिनीपासून चौतीस पायऱ्या वर, पिवळ्या क्रेनला लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये सव्वीस वर्षं एक माणूस बसत असे, त्याचं हे नाव. नव्या माणसाला वाटतं, डोळे घारे असतील. छे. डोळे काळेभोर. इतके काळे, की बुबुळात बाहुली कुठे सुरू होते हे बॅटरी मारल्याशिवाय कळू नये. हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यातून झालाय. घार हे नाव पडलं ते उंचीवरून.

मी त्यांना काका म्हणतो. सगळेच म्हणतात म्हणून मीही म्हणायचो. आता म्हणताना जीभ अडखळते, आणि ती का अडखळते हे एकदा लिहून टाकावं म्हणून हा खटाटोप.

काका कारखान्यात लागले ते रंगारी म्हणून. छताच्या लोखंडी तुळया रंगवायला वर चढले आणि रंगवता रंगवता क्रेनवाल्याशी गप्पा मारत त्याचं कामही शिकले. एक दिवस क्रेनवाला आजारी पडला. "कुणाला येते का रे चालवता?" अशी खालून हाक आली आणि काकांनी वरूनच ओ दिली. ब्रश तुळईवरच राहिला. तो अजून तिथेच आहे म्हणतात. सव्वीस वर्षांत घ्यायला सवड झाली नाही.

त्यांच्या हाताची गोष्ट सांगायची तर काडेपेटीची सांगावी लागेल. अर्धी उघडी काडेपेटी जमिनीवर उभी करायची, आणि काकांनी वरून क्रेनचा माणसाएवढा हूक असा अलगद उतरवायचा की पेटी नुसती बंद व्हावी, चुरडू नये. मी स्वतः बघितलंय. पेटी बंद झाली, आणि पैज हरलेल्याचं तोंड उघडं राहिलं.

पण वर राहून राहून त्यांची एक गंमत झाली होती. त्यांना माणसं टाळूवरून ओळखू यायची. जमिनीवर समोर उभं राहिलं की चेहरा अनोळखी. मग म्हणायचे, "जरा मान खाली घाल बघू. हां, तू होय!" मोठ्या साहेबांच्या टकलाबद्दल त्यांना जेवढी माहिती होती तेवढी साहेबांच्या बायकोलाही नसेल. "पाच वर्षांपूर्वी बशीएवढं होतं, आता ताट झालं." मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी मान खाली घालून घेतली आणि म्हणाले, "दोन भोवरे! दोन लग्नं होणार तुझी."

"काका, इथे एक जमेना."

"मग एक भोवरा फुकट गेला."

आणि त्यांचा एक नियम होता. क्रेनवाला स्वतःच्या मनाने वजन हलवत नाही. खाली एक माणूस उभा असतो, तो हाताने इशारा करतो. उचल, थांब, डावीकडे, सोड. खालच्याला साखळी नीट बसलीय का ते दिसतं, वरच्याला दिसत नाही. साहेब ओरडू देत, भोंगा वाजू दे, खालच्याने हात केला नाही तर काका हातावर हात ठेवून बसून राहायचे. एकदा म्हणे इशारेवाला शिंकत होता म्हणून पूर्ण तीन मिनिटं नऊ टनांचा पाइप हवेत होता आणि अख्खी शेड त्याच्या नाकाकडे बघत होती.

आता माझ्याबद्दल. लांबवत नाही, कारण सांगण्यासारखं फारसं नाही. गावातल्या शाळेत शिकलो, पुढे डोळे तपासायचा एक वर्षाचा कोर्स केला आणि कारखान्याच्या दवाखान्यात तात्पुरता चिकटलो. पांढऱ्या कोटाच्या खिशाला पेनासारखी बारीक बॅटरी लावून हिंडायचो म्हणून लोक मला बॅटरीवाला म्हणायचे. ती पेटवताना कुणी बघितलं नव्हतं, तरीसुद्धा.

पेटवायची गरजच नव्हती. दवाखान्यात एक शिक्का होता.

वर्षातून एकदा चारशे बारा माणसांची तपासणी, प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर पंधरा रकाने. त्यातला नववा रकाना बाहुल्यांचा. नियमाप्रमाणे बॅटरीचा उजेड आधी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर टाकायचा, बाहुली आक्रसते का बघायचं आणि दोन्हींची मापं लिहायची. बॅटरीच्या अंगावर मापासाठी लहानमोठे काळे ठिपके छापलेले असतात, ते डोळ्याशेजारी धरून जुळवायचे. जुन्या डॉक्टरांनी कधीकाळी हिशेब केला असणार की हा रकाना सगळ्यांचा सारखाच येतो. त्यांनी रबरी शिक्का करून घेतला. 'दोन्ही बाहुल्या समान. प्रतिसाद योग्य.' माझ्या आधीच्या माणसाने तो वापरला, आणि मला कामाची ओळख करून देताना पहिल्यांदा तोच हातात दिला. मी शिक्का असा टकाटक मारायचो की समोरच्याने खुर्चीत टेकण्याआधी त्याच्या बाहुल्या समान झालेल्या असत. शाळेत माझ्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नाही. शिक्का मात्र सुरेख उमटायचा.

जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्या मॅडम आल्या. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या तपासणीचा पहिला दिवस आणि त्यांचाही कारखान्यातला पहिला आठवडा. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"चालू द्या तुमचं. मी फक्त बघते."

मागे कुणी उभं राहिलं की मला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नाही. खुर्चीत काका होते. मी शिक्क्याकडे गेलेला हात वळवला, खिशातली बॅटरी काढली आणि पेटवली. पेटली. आत सेल आहेत हे मलाही तेव्हाच कळलं.

"काका, समोर भिंतीकडे बघा."

"भिंतीकडे काय आहे?"

"काही नाही, तेच बघा."

उजवी बाहुली, तीन. डावी... मी ठिपका पुन्हा जुळवला. चार. परत उजवी. तीनच. दोन्ही आक्रसत होत्या, पण आक्रसूनही डावी थोरलीच राहत होती. आणि मला, काय सांगू, आनंद झाला. नव्या मॅडमसमोर पहिल्याच माणसात काहीतरी सापडलं! परीक्षेत न वाचलेला प्रश्न बरोबर यावा तसा. मी मोठ्याने म्हटलं, "मॅडम, बाहुल्या असमान. डावी मोठी."

मॅडमनी स्वतः बघितलं. मग कार्ड उलटून मागच्या वर्षीचं पान काढलं. तिथे माझा सुरेख शिक्का. खाली माझी सही.

"मागच्या वर्षी समान होत्या?"

खोलीत पंखा फिरत होता. काका माझ्याकडे बघत होते.

"तुम्हीच बघितलं होतंत ना?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. मला कायम करायचं पत्र दोन महिन्यांवर आलं होतं, मॅडम नव्या होत्या, आणि 'हो' म्हणायला 'नाही'पेक्षा निम्मा वेळ लागतो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. डोकं दुखतं का? चक्कर? दोन दोन दिसतं? पापणी जड वाटते? काका प्रत्येकाला 'नाही' म्हणत होते, पण प्रत्येक 'नाही' आधीच्यापेक्षा हळू. मग मॅडमनी सांगितलं की एका वर्षात बाहुली मोठी झाली असेल तर डोक्याच्या आत काही दाबत नाही ना हे बघायला हवं, आणि ते बघेपर्यंत त्यांना वर पाठवता येणार नाही.

"निवृत्तीला किती अवकाश?"

"अकरा आठवडे," काका म्हणाले. "तेवढे वरच काढीन म्हणत होतो. आपल्या पायांनी चढलो होतो, आपल्या पायांनी शेवटच्या दिवशी उतरीन."

जाताना दारात थांबून माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काही बोलणार. तर म्हणाले, "बॅटरी चांगली आहे रे तुझी." आणि गेले.

त्यांना नटबोल्टच्या भांडाराच्या खिडकीत बसवलं. चारशे माणसांना रोज दिसणारा माणूस कपाटांमागे गेला. तिथेही घोळ. कुणी बोल्ट मागायला आलं की काका म्हणणार, "मान खाली घाल." एकाने वैतागून विचारलं, "काका, बोल्ट देताय की आशीर्वाद?" सगळे हसले. मीही हसलो.

क्रेनवर एक बदली माणूस आला. हात वाईट नव्हता, पण दांडा जरा झटक्याने ओढायचा. वजन उचललं की साखळी खणकन वाजायची. प्रत्येक खणखणाटाला भांडाराच्या खिडकीत काकांचे खांदे वर जायचे, आपल्याच पाठीत कुणी रट्टा घातल्यासारखे.

मोठ्या हॉस्पिटलची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली, डोक्याच्या फोटोची त्यानंतर तीन आठवड्यांनी. ह्या पाच आठवड्यांत मी काय केलं? शिक्का कपाटात ठेवला, रोज बॅटरी पेटवली आणि उरलेल्या लोकांच्या बाहुल्या इतक्या निष्ठेने मोजल्या की विचारू नका; फक्त लहानमोठ्या निघाल्या ती कार्डं मॅडमपुढे जाऊ दिली नाहीत. पाप एकीकडे केलं आणि प्रायश्चित्त भलत्याच डोळ्यांत घालत बसलो. रोज सकाळी ठरवायचो, आज मॅडमना सांगू. मग मॅडम आल्या की वाटायचं, डोक्याचा फोटो एकदा होऊन जाऊ दे. खरंच काही निघालं तर माझ्यामुळे वेळेत कळलं असं होईल. हे मी स्वतःला सांगत होतो. काकांच्या डोक्यात काहीतरी निघावं, म्हणजे मी सुटेन. असा विचार मनात येऊन गेला, हे लिहितानाही हात चोरटा होतोय.

काही निघालं नाही. डोकं स्वच्छ. पण मोठ्या डॉक्टरांचं पत्र यायला आणखी तीन आठवडे लागले, आणि ते असं होतं, 'दोन्ही बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. उजेडात व अंधारात फरक सारखाच राहतो. हा फरक जुना असल्यास निरोगी डोळ्यातील नैसर्गिक वैविध्य समजावे. तथापि मागील वर्षीची नोंद "समान" अशी असल्याने, जुनेपणाचा पुरावा मिळेपर्यंत उंचीवरील काम देऊ नये.'

म्हणजे बघा. सबंध जगात त्या माणसाच्या विरोधात एकच साक्षीदार होता, आणि तो म्हणजे माझा शिक्का. त्याआधीच्या पानांवरही तेच शब्द, पण गेल्या वर्षीची सही माझी.

"जुने फोटो असतील ना घरी?" मॅडम मला म्हणाल्या. "चेहरा जवळून काढलेले. तुम्ही जाऊन बघता का? तुमचं त्यांच्याशी जमतं."

जमतं! मी गेलो.

दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत खिडकीपाशी काका खुर्चीत. काकूंनी त्यांना घरात स्टुलावरही चढू द्यायचं बंद केलं होतं. बल्ब गेला तर शेजारच्याला बोलवायच्या. सव्वीस वर्षं छताला लटकलेला माणूस, आणि बल्ब बदलायला शेजारी!

"रात्री दोनदा उठून ह्यांचा श्वास बघते," काकू चहा देताना हळूच म्हणाल्या. "ते म्हणतात, फोटोत काही नाही निघालं. पण मग वर का नाही पाठवत? काहीतरी असणार, आणि हे लपवतात माझ्यापासून. तू सांग बाबा खरं. तुला तर सगळं माहीत असेल."

मी चहात बघत राहिलो. मला सगळं माहीत होतं.

अल्बम काढला. लग्नाचे, मुलीचे, सहलीचे. सगळीकडे काकांचे डोळे काळे मिट्ट. भिंग लावलं तरी बाहुली आणि बुबुळ एकच. काका म्हणाले, "माझ्या डोळ्यात कधी कुणाला काही दिसलं नाही. हिलाच काय ते दिसलं, मी हिला बघायला गेलो होतो तेव्हा..."

"पुरे," काकू म्हणाल्या, आणि मग एकदम, "थांबा, भुताचे फोटो!"

एक पत्र्याचा डबा निघाला. अल्बममध्ये लावायच्या लायकीचे नाहीत पण टाकवतही नाहीत असे फोटो. डोकं कापलेले, हललेले, बोट आलेले. त्यातला एक काकूंनी पुढे केला. एकोणीस वर्षांपूर्वीचा, मागे तारीख. काकूंच्या भावाने नवा कॅमेरा घेतला होता, अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारला होता. काका काकू शेजारी शेजारी, कॅमेऱ्यात रोखून बघणारे, आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांत लाल निखारे.

"फाडणारच होते," काकू म्हणाल्या, "पण त्यात मी बरी आलेय."

फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून लाल होऊन परत येतो. म्हणजे लाल दिसते तेवढी बाहुली. काळ्या डोळ्यांतली काळी बाहुली एरवी दिसत नाही, त्या फोटोत ती दिव्यासारखी लागली होती. उजवा निखारा लहान, डावा मोठा. भिंगाचीही गरज नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी.

मी मान वर केली तर काका फोटोकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"मिळाला का रे पुरावा?" काकूंनी विचारलं.

"मॅडमना दाखवतो," मी म्हणालो आणि फोटो वरच्या खिशात ठेवला, बॅटरीच्या मागे.

तो चार दिवस तिथेच राहिला.

फोटो दाखवला तर काका सुटत होते आणि त्याच क्षणी मी अडकत होतो. एकोणीस वर्षांपूर्वी असमान, आज असमान, मग मधे गेल्या वर्षी समान कशा? मला कायम करायचं पत्र यायला आठ दिवस होते. मी स्वतःशी म्हणालो, आठ दिवसांनी काय बिघडतं. असं म्हणणाऱ्याचं कधीच काही बिघडत नसतं.

चौथ्या दिवशी दुपारी पाण्याच्या नळावर काका भेटले. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मॅडम रजेवर आहेत, आल्या की लगेच. वर क्रेन गेली, साखळी खणकली, त्यांचे खांदे उचलले गेले. ग्लास भरला, प्यायले, विसळला, माझ्यासाठी भरून ठेवला.

"गार आहे आज," म्हणाले, आणि खिडकीकडे निघाले.

विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. त्यांनी विचारलंच नाही. ते तयार खोटं माझ्या तोंडात तसंच राहिलं, आणि त्याची चव इतकी घाण होती की मी पाणी न पिता सरळ मॅडमच्या खोलीत गेलो आणि फोटो टेबलावर ठेवला.

"गेल्या वर्षी मी बघितलं नव्हतं," मी म्हणालो. "नुसता शिक्का मारला होता."

मॅडमनी फोटो बराच वेळ बघितला.

"किती जणांच्या कार्डावर?"

"सगळ्यांच्या."

"शंका होती मला," त्या म्हणाल्या. "शिक्का सगळ्या कार्डांवर एकाच बाजूला तिरपा आहे. चारशे माणसं बघून मारणाऱ्याचा कधीतरी दुसरीकडे कलला असता. पण मी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. मी तुमच्या 'हो'वर त्या माणसाला खाली उतरवलं." मग फोटो उलटून मागची तारीख बघत, "हा फोटो आजच मिळाला?"

इथे पुन्हा एक अक्षर पुरलं असतं.

"चार दिवस झाले."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी काकांचं कामावर परत जायचं पत्र लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं की पाच माणसांत एकाच्या बाहुल्या अशा जरा लहानमोठ्या असतात, धडधाकट माणसांच्या. "तुमच्या चारशे बारांत अशा ऐंशीएक जोड्या तरी निघायला हव्या होत्या. एकही नाही निघाली. डोळे निरोगी होते, बघणाराच आंधळा होता." मला कायम करायचं पत्र सहा महिने पुढे गेलं, लेखी ताकीद मिळाली, आणि तो शिक्का मॅडमनी स्वतःच्या खणात ठेवला.

काका भांडाराच्या खिडकीतच होते. मी पत्र पुढे केलं आणि बोलायला लागलो. "काका, माझी चूक..."

"माहीत आहे."

"मॅडमनी सांगितलं?"

"मॅडमनी कशाला? गेल्या वर्षी त्या खुर्चीत कोण बसलं होतं, तुझे वडील? बॅटरी खिशात होती तुझ्या. मी अजून चष्मा डब्यात घालत होतो, तोवर शिक्का वाजला."

माझे कान तापले. "मग त्याच दिवशी बोलला का नाहीत? मी 'हो' म्हणालो तेव्हा तुम्ही समोर होतात!"

"काय बोलू? तू बघितलं नाहीस हे मला माहीत. पण गेल्या वर्षी माझा डोळा कसा होता हे मला कुठे माहीत? आरशात कोण बाहुल्या मोजतं? मला वाटलं, असेल खरंच काही डोक्यात." ते पत्राची घडी घालत होते, उलगडत होते. "ते आठवडे मी तुझ्यावर रागावलो नव्हतो. मला भीती होती, रागाला जागा नव्हती. राग आला तो फोटो निघाल्यावर. तुझं तोंड बघितलं आणि मला कळलं. चार दिवस मोजले मी."

"निदान नळावर तरी विचारायचं..."

"खालच्याने हात केल्याशिवाय मी वजन हलवत नाही," काका म्हणाले. "आणि वजन तुझं होतं."

त्यांनी पत्र खिशात घातलं.

"अजून आहे थोडा राग," ते म्हणाले. "जाईल. घाई करू नकोस."

सव्वीस वर्षांतले शेवटचे बारा दिवस त्यांना वर मिळाले. नऊ आठवडे गेले ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा पाइप उचलला गेला आणि साखळी वाजलीच नाही. शेडमधल्या सगळ्यांनी एकदम वर बघितलं. आवाज न झाल्यामुळे माणसं दचकल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

मला मॅडमनी सगळी माणसं पुन्हा तपासायला लावली, मी निष्ठेने मोजलेलीसुद्धा. बातमी आधीच फुटली होती. बॅटरीवाला हे नाव एका दुपारीत मेलं आणि मी शिक्का झालो. "ए शिक्का, माझ्या दोन्ही चपला समान आहेत का बघ!" असं रोज चाललं होतं. पण काय काय निघालं त्या डोळ्यांत! सत्त्याऐंशी जणांच्या बाहुल्या लहानमोठ्या. वेल्डिंगवाल्याच्या बुबुळावर तिळाएवढा डाग, जन्मापासूनचा. त्याच्या आईला माहीत होता, दवाखान्याला नव्हता. कॅन्टीनवालीचा एक डोळा तपकिरी आणि दुसऱ्याची एक फोड मधासारखी पिवळी. एकाच्या डोळ्याच्या पांढऱ्यात निळा ठिपका, तो कोळशाचा कण समजून पाच वर्षं रुमालाच्या टोकाने काढायचा प्रयत्न करत होता. मॅडम म्हणाल्या, तिथे आतला एक मज्जातंतू वर डोकावतो, आता त्याला सुखाने राहू दे. दारावरच्या पहारेकऱ्याला सगळे तिरळा म्हणायचे. त्याचे डोळे सरळच होते, नाकाचा दांडा रुंद म्हणून तसं वाटायचं. मी त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. मी कुणाकडे बघतोय हे कळत नाही म्हणून तर चोर घाबरतात."

शेवटी मी मॅडमना माझे डोळे बघायला सांगितले. उजवी साडेतीन, डावी साडेतीन. चारशे तेरा माणसांत तो शिक्का ज्यांना निःशंक मारता आला असता त्यांतला मीही एक, आणि मला तेवढा तो कुणी मारला नव्हता.

काकांचा शेवटचा दिवस. निवृत्तीच्या दिवशी एकदा तपासणी करायची असते. चौतीस पायऱ्या उतरून ते सरळ दवाखान्यात आले, खुर्चीत बसले आणि न सांगता भिंतीकडे बघायला लागले. मी बॅटरी पेटवली. उजवी तीन. डावी चार. हाताने लिहिलं, माझ्या वाईट अक्षरात.

"नीट बघितलंस?"

"हो."

काकांनी हात पुढे करून माझ्याकडून बॅटरी घेतली, बोटांत फिरवून बघितली आणि विझवून माझ्या खिशात परत खोचली.

राहिला फोटो. तो काकांच्या फायलीत टाचला गेला, पुरावा म्हणून, आणि काकू रोज निरोप पाठवायला लागल्या की माझा बरा आलेला फोटो परत द्या. मॅडम फायलीतला कागद देईनात. मग मी एका दुपारी मागून घेतला, चौकातल्या फोटोवाल्याकडून मोठी प्रत करून घेतली, चौकट लावली आणि त्यांच्या घरी घेऊन गेलो. माफी तोंडाने मागून झाली होती. पण हातात काही असलं की उंबरठा ओलांडायला सोपं जातं.

काकूंनी कागद काढला. "बाई! किती स्वच्छ केलाय!"

काकांनी चौकट खिडकीपाशी नेली. बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते.

फोटोवाला कामसू निघाला होता. न सांगता त्याने काकांच्या डोळ्यांतले लाल निखारे पुसून तिथे दोन सुरेख काळे ठिपके बसवले होते. एकाच मापाचे.

"हा तुझा भाऊच दिसतो रे, शिक्का," काका डोळे पुसत म्हणाले. त्या नावाने त्यांनी मला तोवर कधी हाक मारली नव्हती. "ह्यानेही बघितलं नाही."

मग चौकट माझ्या हातात परत दिली.

"जा. माझा डोळा घेऊन ये."

मी गेलो. फोटोवाल्याला अर्धा तास पटेना की हे गिऱ्हाईक चांगला फोटो बिघडवून मागतंय. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, आणि डावा निखारा मूळ फोटोइतका मोठा होईपर्यंत हललो नाही.